पावसात सिम्युलेटर, सुगीनंतर मळा: आरसी हेलिकॉप्टर शिकताना सिम्युलेटरवर किती विसंबावं?

माझं पहिलं ४५० आकाराचं (रोटर सुमारे ७० सेंटिमीटरचा) आरसी, म्हणजे रेडिओवर चालणारं, हेलिकॉप्टर जमिनीपासून दीड मीटर वर आलं, डावीकडे सरकलं, आणि माझा डावा हात ट्रान्समीटर सोडून हवेत काहीतरी चाचपू लागला. शोधत होता की-बोर्डवरचं रीसेटचं बटण! जूनच्या पहिल्या पावसापासून गणेश चवथीपर्यंत रोज रात्री संगणकावरच्या सिम्युलेटरवर बसलो होतो. मशीन कलली की रीसेट, पुन्हा कलली की पुन्हा रीसेट. बोटांनी जे गिरवलं तेच त्यांनी केलं. मळ्याच्या बांधावरून शेजारचे काका ओरडले, "किदें जालें रे?" मुख्य पाती, फेदरिंग शाफ्ट, मेन गिअर आणि शेपटीचा दांडा, इतकं मोडलं होतं.

म्हणून "सिम्युलेटर खऱ्यासारखा असतो का?" असं कोणी विचारलं की मी विचारतो, कशासाठी? दिशा ओळखायला आणि बोटं वळवायला तो जवळजवळ खरा आहे. डोळ्यांसाठी अर्धा खरा. भीती, वारा आणि यंत्राची कुरकुर या बाबतीत तो सरळ थाप मारतो, आणि ती थाप गोड असते. पावसाळाभर बसायचंच असेल, तर त्याला कमीत कमी खोटं बोलायला कसं लावायचं ते पुढे सांगतो.

आधी ट्रान्समीटर

गेमपॅडवर किंवा की-बोर्डवर शिकू नका. त्यापेक्षा न शिकलेलं बरं. ज्या ट्रान्समीटरने मळ्यात उडवणार, तोच संगणकाला जोडायचा. रेडिओमास्टर, जंपर अशा, एजटीएक्स या प्रणालीवर चालणाऱ्या ट्रान्समीटरना साधी यूएसबी केबल पुरते, संगणकाला ते जॉयस्टिक म्हणून दिसतात. बाकीच्यांना डाँगल (संगणकात खोचायचा जोडणीचा तुकडा) लागतो, तारेचा किंवा बिनतारी. मोडचंही, म्हणजे कुठल्या स्टिकवर काय याचंही, तसंच. आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वर उडवतात, म्हणजे डाव्या स्टिकवर कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलून मशीन वर-खाली नेणारं) आणि शेपटी, उजव्यावर पुढे-मागे आणि डावं-उजवं. तुम्हाला शिकवणारा मित्र ज्या मोडवर उडवतो तोच घ्या. नाहीतर संकटात त्याच्या हाती ट्रान्समीटर देऊनही उपयोग नाही.

एक चूक जवळपास सगळे करतात. ट्रान्समीटरमध्ये खऱ्या हेलिकॉप्टरसाठी जे मॉडेल (सेटिंगचा संच) साठवलेलं असतं, तेच निवडून सिम्युलेटर चालवतात. त्यात पिच कर्व्ह असते (स्टिक किती हलवली की पात्यांचा कोन, म्हणजे पिच, किती), एक्स्पो असतो (स्टिकचा मधला भाग मऊ करणारा). सिम्युलेटर त्यावर आपली कर्व्ह आणि आपला एक्स्पो चढवतो. दोन्ही मिळून मधला भाग इतका मऊ होतो की हॉवर (हवेत एका जागी स्थिर राहणं) सोपा वाटतो, आणि टोकाला मशीन अंगावर येते. सिम्युलेटरसाठी वेगळं कोरं मॉडेल बनवा. चॅनेल सरळ रेषेत, एक्स्पो शून्य, कर्व्ह नाही. मग सिम्युलेटरमध्ये कॅलिब्रेशन करा आणि एक्स्पो, रेट वगैरे तिथेच, एकदाच, लावा.

आणि थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर एका फटक्यात बंद करणारा, स्विच. तो सिम्युलेटरमध्येही त्याच जागी, त्याच बोटाखाली हवा. याबद्दल पुढे परत बोलतो, कारण माझा सगळा राग याच स्विचभोवती आहे.

पडदा किती खोटं बोलतो

सिम्युलेटरमध्ये 'फील्ड ऑफ व्ह्यू' नावाची एक सेटिंग असते, आणि बहुतेक जण तिला हातही लावत नाहीत. पडद्यावर जगाचा किती अंश दाखवायचा हे तिथे ठरतं. तुमचा पडदा डोळ्यांपुढे प्रत्यक्षात जेवढी जागा व्यापतो, तेवढाच आकडा तिथे असेल तर हेलिकॉप्टर खऱ्या आकाराचं दिसतं. २४ इंची पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो. त्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलात तर आडवा कोन सुमारे ४८ अंश होतो. १५.६ इंची लॅपटॉप ५० सेंटिमीटरवर असेल तर ३८. हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीपासून दीड मीटरवर बसलात तर ३५. काही सिम्युलेटर उभा कोन विचारतात. तेव्हा रुंदीऐवजी पडद्याची उंची धरायची. वरच्या २४ इंची पडद्यासाठी तो सुमारे २८ येतो.

आकडा बरोबर भरल्यावर पहिला धक्का असा बसतो, की हेलिकॉप्टर केवढंसं दिसतं! ४५० आकाराच्या मशीनचा रोटर सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचा. ३० मीटरवर तो फुल-एचडी पडद्यावर पन्नासेक पिक्सेलचा उरतो, ६० मीटरवर पंचवीसचा. खरा डोळा यापेक्षा बारीक पाहतो, म्हणजे या एका बाबतीत मळा सिम्युलेटरपेक्षा सोपा आहे. हे सावरायला सिम्युलेटरमध्ये ऑटो-झूम असतो, मॉडेल लांब गेलं की चित्र आपोआप मोठं होतं. पहिल्या आठवड्यानंतर तो बंद करा. ऑटो-झूमवर शिकलेल्याला अंतराचं भानच येत नाही. तो मळ्यात हेलिकॉप्टर भलतंच दूर जाऊ देतो, आणि मग नाक कुठे, शेपटी कुठे, हे दिसेनासं होतं.

जवळ-लांब ओळखण्याचा प्रश्न मात्र सुटत नाही. पडदा सपाट आहे. मशीन तुमच्याकडे सरकतेय की मागे, हे ओळखायला सावली आणि जमिनीवरच्या खुणांचा आधार घ्यावा लागतो. म्हणून फोटोच्या पार्श्वभूमीपेक्षा पूर्ण त्रिमितीय मैदान निवडा, ज्यात सूर्य डोक्यावर ठेवून सावली पाडता येते. फोटोचं मैदान सुंदर दिसतं, पण हॉवर शिकायला सावली जास्त उपयोगी.

सिम्युलेटरची परीक्षा घ्या

रिअलफ्लाइट, हेली-एक्स, नेक्स्ट, अ‍ॅक्यूआरसी, एरोफ्लाय आरसी ही नावं तुमच्या कानावर येतील. फिनिक्स जुन्या लोकांच्या संगणकांवर अजून दिसतो, पण त्याचं उत्पादन थांबलंय. कुठला चांगला, यावर रात्र रात्र वाद होतात. मला त्यात रस नाही. काहींची चाचणी आवृत्ती मिळते. ती उतरवून घ्या आणि खालच्या गोष्टी तपासा.

वारा शून्य करा, हॉवर करा आणि उजवी स्टिक सोडून द्या. बहुतेक आरसी हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याच्या उलट झटक्याने मशीन गरगरू नये म्हणून शेपटीचा रोटर शेपटीला डावीकडे ढकलतो. तो ढकलतो म्हणजे सगळ्या मशीनलाच डावीकडे ढकलतो. म्हणून खरं हेलिकॉप्टर निवांत हवेतही डावीकडे सरकतं आणि स्थिर ठेवायचं तर किंचित उजवीकडे कललेलं राहतं. पहिल्याच उड्डाणात माझी मशीन डावीकडे गेली ती यामुळेच. सिम्युलेटरमधलं मॉडेल स्टिक सोडल्यावर खिळ्याने ठोकल्यासारखं जागेवर उभं राहत असेल, तर एक तर त्यात स्व-संतुलन चालू आहे, किंवा ते मॉडेल नवख्याला खूश करायला बनवलंय. संतुलन बंद करा आणि पुन्हा बघा.

मग कलेक्टिव्ह एकदम वर ढकला. रोटरचे फेरे क्षणभर पडल्याचा आवाज यायला हवा, शेपटीनेही थोडा झटका द्यायला हवा. नंतर वीस मीटर वरून, पुढे न जाता, सरळ खाली या. स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत उतरताना खरं हेलिकॉप्टर डळमळतं आणि कलेक्टिव्ह दिलं तरी थांबायला वेळ घेतं. सिम्युलेटरमध्ये लिफ्टसारखं गुळगुळीत उतरलं, तर ही सवय तिथे शिकता येणार नाही एवढं लक्षात ठेवा, आणि मळ्यात नेहमी थोडं पुढे सरकत उतरा.

शेवटची परीक्षा ऑटोरोटेशनची, म्हणजे मोटर बंद असताना नुसत्या फिरत्या रोटरवर उतरण्याची. तीस मीटरवर होल्डचा स्विच मारा. पिच कमी करून रोटरचे फेरे राखायचे, पुढचा वेग ठेवायचा, जमिनीजवळ नाक उचलून वेग मोडायचा आणि मग साठवलेले फेरे खर्चून टेकायचं. ते फेरे एकदाच खर्चता येतात. जमिनीपासून एक मीटरवर पाच-सात सेकंद लटकून राहता आलं, तर तो खेळ आहे, सिम्युलेटर नाही.

वारा लावा, निदान आपल्याकडचा

शून्य वाऱ्यातला सराव पहिल्या आठवड्यापुरता. पुढे ताशी १० किलोमीटर, मग १५, झुळकांसह. गोव्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा चुकत नाही, आणि मळ्याच्या कडेला माडांची रांग असते. माडांवरून येणारा वारा सरळ येत नाही, लोळत येतो. सिम्युलेटरच्या 'टर्ब्युलन्स'मध्ये ती लोळण नसते, मधूनमधून धक्के असतात फक्त. तरी चालू ठेवा. शेपटीकडून वारा आला की शेपटी कशी फिरायला बघते, हे एकदा घरी दिसलेलं बरं.

चढती पायरी

रोज पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. दोन तास बसलात तर शेवटचा दीड तास चुकाच पाठ होतात.

पहिली पायरी, शेपटी तुमच्याकडे करून हॉवर. जमिनीवर मनाने दोन मीटरचा चौकोन आखा, उंची डोळ्याच्या पातळीला. दोन मिनिटं त्यात धरायचं. जमलं की लगेच नाक ४५ अंश उजवीकडे वळवून तेच. मग ४५ अंश डावीकडे. मग पूर्ण उजवी बाजू, पूर्ण डावी बाजू. प्रत्येकाची एक बाजू लंगडी असते. माझी डावी. जी लंगडी त्या बाजूला दुप्पट वेळ द्या, आवडत्या बाजूला अर्धा.

भाचा मागच्या पावसात हे शिकायला बसला. चौथ्या दिवशी म्हणतो, "मामा, मी उलटं उडवतो." म्हटलं, "उलटं राहू दे रे. सुलटं, डावी बाजू पुढे करून, दोन मिनिटं एका जागी धरून दाखव." चाळीस सेकंदांत बाहेर गेला.

नंतर येते ती खरी घाटी, नाक तुमच्याकडे. सिम्युलेटरचे सगळे पैसे इथे वसूल होतात. डावं-उजवं उलटं होतं आणि मेंदू गोंधळतो. माझी युक्ती अशी: नाक माझ्याकडे असताना मशीनची जी बाजू खाली गेली, त्या बाजूला स्टिक. खाली गेलेल्या फांदीला टेकू देतो तसा टेकू द्यायचा. पुढे-मागे याहून फसवं. घाबरल्यावर हात स्टिक पुढे ढकलतो, 'जा बाबा लांब' असं म्हणत. पण नाक तुमच्याकडे असताना पुढे ढकलणं म्हणजे त्याला अंगावर बोलावणं. स्टिक पोटाकडे ओढली की ते लांब जातं. हे वाचून शिकता येत नाही. रोज पाच मिनिटं, निदान तीन आठवडे. ४५० च्या पात्याचं टोक मिनिटाला २८०० फेऱ्यांना ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर धावतं, हे डोक्यात असू द्या.

पुढचं तुलनेने सोपं आहे. आठही दिशांत हॉवर, चौकोन, सावकाश वर्तुळ दोन्ही बाजूंनी, मग आडवा आठ. उलट्यापालट्या कसरती मी इथे सांगत नाही. ज्याला त्या करायच्या तो करतोच.

रीसेटला दंड

आता तो स्विच. सिम्युलेटरमध्ये मशीन हाताबाहेर जाऊ लागली की दोनच गोष्टी करायची परवानगी: सावरायचं, किंवा होल्ड मारायचा. रीसेट फक्त मशीन जमिनीवर आदळून पूर्ण थांबल्यावर. की-बोर्ड मी मांडीवरून उचलून मागच्या टेबलावर ठेवला, उठल्याशिवाय पोचणारच नाही असा. पाती फिरत असताना जमिनीला लागली की होल्ड. नाहीतर मोटर जोर लावत राहते, गिअरचे दात जातात, स्पीड कंट्रोलर जळतो, आणि हे सगळं सिम्युलेटर दाखवत नाही.

जोडीला एक वही. प्रत्येक आदळण्याला तारीख, दिशा, कारण, आणि मळ्यात असं झालं असतं तर काय मोडलं असतं. एका भाचीने मला दर आदळण्यामागे दहा रुपये मातीच्या गल्ल्यात टाकायला लावले. चवथीला तो फोडला तेव्हा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान निघालं त्यातून. गमतीचा भाग सोडा, पण पैसे जायला लागल्यापासून मी स्टिक हळू हलवायला लागलो.

उड्डाणाला पाच मिनिटांचा टायमर लावा. सिम्युलेटरची बॅटरी संपतच नाही, ही आणखी एक गोड थाप. खरी लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) प्रत्येक सेलला ४.२ व्होल्टवर पूर्ण भरते आणि साधारण ३.७ ला टेकून उतरायला हवं. शेवटच्या मिनिटात तिचा दम कमी होतो आणि कलेक्टिव्ह मऊ लागतं.

सिम्युलेटर जे शिकवणारच नाही

यंत्र. स्वॉशप्लेट (स्टिकची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी तबकडी) सपाट आहे का, पाती एका रेषेत फिरतात का, शेपटी धरून ठेवणाऱ्या जायरोचा गेन (जोर) जास्त होऊन शेपटी थरथरते का, हे स्क्रू-ड्रायव्हर आणि पात्यांचा कोन मोजणारं पिच गेज हातात घेऊनच कळतं. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बेअरिंगना गंज लवकर धरतो, आणि सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) उतरवलंत तर तांबडी धूळ शेपटीच्या स्लायडरमध्ये जाऊन बसते. पावसाळ्यात मशीन हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बॅटऱ्या सेलला ३.८ च्या आसपास ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत मुळीच विसरू नका.

मशीन तयार झाली की तिची पिचची मर्यादा मोजून तोच आकडा सिम्युलेटरच्या मॉडेलमध्ये भरा. अनुभवी मित्र मिळाला तर त्याला शेपटीची स्टिक पूर्ण दाबून एक गिरकी घ्यायला सांगा आणि मोबाइलवर वेळ मोजा. सिम्युलेटरची गिरकीही तेवढ्याच वेळेत होईल असं करा. या दोन आकड्यांनी जेवढा खरेपणा येतो तेवढा महागड्या ग्राफिक्स कार्डाने येत नाही.

मळ्यात

मध्ये एक पायरी घ्या: एक्सके के ११० सारखं, हातावर मावणारं कलेक्टिव्ह पिचचं हेलिकॉप्टर. पडलं तरी फारसं मोडत नाही, अंगणात उडतं, आणि सिम्युलेटरमध्ये नसलेली भीती थोडी थोडी पाजतं.

जागा बघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-नकाशा बघा. ड्रोन नियम २०२१ मॉडेलनाही धरून आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो गटात येतं, पण नकाशावरचा लाल पट्टा (परवानगीशिवाय उडवायला बंदी) त्यालाही लाल. गोवा केवढासा, त्यात दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झाला. विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध लागतात, जवळ जाल तसे कडक.

सरदाचं (पावसाळी) भात कापून झालं आणि पुढे वायंगण (उन्हाळी भात) लावणार नसतील, तर असे मळे उत्तम. धन्याला विचारून जा. वेळ उजाडल्यावरची, पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजायच्या आत. तेव्हा वारा जवळजवळ नसतो. सूर्य पाठीमागे राहील असे, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. नाहीतर हेलिकॉप्टरची नुसती काळी आकृती दिसते, आणि ती तुमच्याकडे येतेय की जातेय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गुरं, पोरं, कुत्री दूर. डोळ्यांवर चष्मा. ४५० असेल तर दहा-बारा मीटर मागे. स्किडना (खालच्या पायांना) आडव्या काठ्या बांधून टोकाला चेंडू लावलेलं ट्रेनिंग गिअर हसण्यासारखं दिसतं, पण लावा.

पहिली बॅटरी फक्त हलकं करायला: स्किड जमिनीवरून सुटतील-न सुटतील इतकं. दुसऱ्या बॅटरीला हातभर. रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीखाली जमिनीचा आधार मिळतो आणि मशीन तरंगल्यासारखी घसरते, तेव्हा हातभर जमलं की डोळ्याच्या पातळीपर्यंत नेणं उलट सोपं जातं. गुडघे थरथरतील. सिम्युलेटरवर शंभर तास झालेल्यांचेही थरथरतात. बोटं कापायला लागली की उतरवा, होल्ड मारा, दहा मिनिटं बांधावर बसा.

सिम्युलेटरवर जे डोळे झाकून जमतं, त्याच्या दोन पायऱ्या खालचं मळ्यात करायचं. घरी आडवा आठ जमतोय? मग मळ्यात बाजू पुढे करून हॉवर. घरी नाक-समोर हॉवर दोन मिनिटं? मळ्यात शेपटी-समोर.

आणि मळ्यात जी चूक झाली ती त्याच संध्याकाळी सिम्युलेटरवर जशीच्या तशी उभी करा: तोच वारा, तीच दिशा, सूर्य त्याच बाजूला. माझ्या वहीत त्या पहिल्या सकाळपुढे लिहिलंय: "डावीकडे सरकलं. हात सोडला." त्याखाली त्याच रात्रीची नोंद आहे, डावीकडे सरकवून होल्ड मारायची, चाळीस वेळा.